रक्तगट मुंबईचा, श्रेय कुणाचं?

प्रभादेवी स्टेशनचा पूल ओलांडून परळला उतरलं की थोड्या चालीवर के.ई.एम. रुग्णालय लागतं. तिथल्या डॉक्टरांनी १९५२ साली एक नवा रक्तगट जगापुढे मांडला. तोच 'बॉम्बे ब्लड ग्रुप'.

नेहमीच्या तपासणीत हे रक्त 'ओ' वाटतं. पण 'ओ' गटाच्या लाल पेशींवर 'एच' नावाचा घटक असतो. या माणसांत तो नसतो, उलट त्याच्याविरुद्धची प्रतिद्रव्यं असतात. म्हणजे 'ओ' समजून 'ओ' रक्त चढवलं तर जिवावर बेतायचं. भारतात साधारण दहा हजारांत एक असा माणूस सापडतो. शोध किती मोलाचा, ते यावरून कळावं.

आता श्रेयाचं बघू. गोऱ्यांनी आपलं श्रेय लाटलं, हे आपण भाषणांत नेहमी ऐकतो. कधी ते खरंही असतं. पण 'लॅन्सेट'मधल्या या शोधनिबंधावरची नावं वाचा. आधी भेंडे, देशपांडे, भाटिया. मग लंडनचे सँगर, रेस, मॉर्गन, वॉटकिन्स. सँगर आणि रेस हे रक्तगटशास्त्रातले तेव्हाचे मोठे अधिकारी, तरी ते मुंबईकरांच्या मागे. ज्यांनी रुग्णाचं रक्त आधी ओळखलं त्यांचं नाव आधी, आणि ज्यांनी पुढची उकल केली त्यांचंही नाव सोबत. आमच्या मते न्याय्य वाटणी ती हीच.

मग डॉ. वाय. एम. भेंडे हे नाव कुणी विसरलं? लंडननं नाही, आपणच. याउलट शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडवल्याची गोष्ट आपल्याला पाठ असते. तिला त्या काळचा भक्कम पुरावा नाही, पण तिच्यावर २०१५ साली हिंदी सिनेमासुद्धा निघाला. तळपद्यांची धडपड आम्ही खोटी म्हणत नाही. मात्र जिथे कागद आहे तिथे मौन आणि जिथे कागद नाही तिथे जयजयकार, ही आपली रीत आम्हाला खटकते.

स्टेशनाचं एल्फिन्स्टन रोड हे नाव २०१८ साली बदललं, आणि ते आपण चटकन अंगवळणी पाडून घेतलं. तशी भेंडे, देशपांडे, भाटिया ही तीन नावंही तोंडी बसायला हरकत नाही. आणि त्यांच्याआधी, ज्यांच्या रक्तामुळे हे सगळं कळलं त्या तीन माणसांची आठवण ठेवावी. त्यांची नावं जाहीर नसावीत हेच योग्य. पण श्रेयाच्या हिशेबात त्यांची जागा रिकामी ठेवू नये, एवढंच.