लोट्याचे प्रश्न : ईम्स अहवालाचा अध्यापनदृष्ट्या विचार

सर्जनशीलता शिकविता येते काय, हा प्रश्न महाविद्यालयांत बहुधा अवांतर विषय म्हणून चर्चिला जातो. भारतातील डिझाइन-शिक्षणाला मात्र या प्रश्नाची चर्चा करणारी एक मूलभूत संहिता आरंभीच लाभली. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारच्या निमंत्रणावरून येथे प्रवास करून एप्रिल १९५८ मध्ये सादर केलेला ‘इंडिया रिपोर्ट’ ही ती संहिता होय. अहमदाबाद येथे १९६१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेमागे याच अहवालाची प्रेरणा होती.

अहवालाचे खरे सामर्थ्य त्याच्या शिफारशींपेक्षा लोट्यावरील मजकुरात आहे. लोटा सुंदर आहे एवढे म्हणून लेखकद्वय थांबत नाही. त्यात पाणी किती मावावे, तो डोक्यावरून, कमरेवर की हातातून न्यावयाचा, भरलेला आणि रिकामा असताना त्याचा तोल कसा राहतो, आतून घासता यावा म्हणून तोंड किती रुंद हवे, दुसऱ्या भांड्यावर आपटल्यास नाद कसा येतो, मोडीत घातल्यास किंमत किती येते, असे प्रश्न ते एकामागून एक उभे करतात. लोटा कोणा एकाने घडविलेला नसून तो अनेक पिढ्यांची निर्मिती आहे, हा त्यांचा निष्कर्षही महत्त्वाचा आहे. सर्जनशीलतेला दैवी स्फुरण मानणाऱ्या अध्यापकास ही प्रश्नमाला अडचणीची वाटेल. प्रश्न विचारणे सरावाने शिकता येते आणि म्हणूनच ते शिकविताही येते.

तथापि या प्रश्नमालेत एक मोठी उणीव आढळते. लोटा वापरणाऱ्याचा हात तीत सूक्ष्मपणे पाहिला आहे. घडविणाऱ्याचा हात मात्र जवळजवळ अनुपस्थित आहे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट पत्रा मठारतो तेव्हा हातोडीचे ठसे केवळ शोभेसाठी उमटत नाहीत, त्या ठोक्यांनी धातू कठीण होतो. हे ज्ञान प्रश्नावलीतून हाती येत नाही. तसेच या लोट्याला कोणाचा स्पर्श चालत असे आणि कोणाचा नाही, हा आपल्या समाजात अटळ असलेला प्रश्नही अहवाल विचारीत नाही. पाहुण्याच्या नजरेची ही मर्यादा वर्गात स्पष्टपणे सांगितली पाहिजे. अन्यथा लोट्याचे निव्वळ गौरवगान उरते. (मराठी घरात त्याला ‘तांब्या’ म्हणतात आणि तो स्टीलचा झाला तरी नाव बदलत नाही. हाही डिझाइनच्या वर्गात विचारण्याजोगा प्रश्न आहे.)

२०२० च्या टाळेबंदीत अध्यापन पडद्यावर गेले, तेव्हा या पद्धतीची वेगळीच परीक्षा झाली. पडद्यावर आकार दिसतो, वजन कळत नाही. भांड्याचा नाद तर सभेची संगणकप्रणाली गोंगाट समजून गाळून टाकते. परंतु कार्यशाळेत जिथे एक नमुना सर्वांसमोर फिरतो, तिथे चाळीस विद्यार्थ्यांच्या स्वयंपाकघरांत चाळीस निरनिराळी भांडी हाताशी असतात. प्रत्येकाने आपले भांडे भरून मोजावे, डोळे मिटून ओतावे, घरातील वडीलधाऱ्यांना त्याविषयी विचारावे आणि मग निरीक्षणे एकमेकांपुढे मांडावीत. हा पाठ ऑनलाइन वर्गातच अधिक समृद्ध होऊ शकतो. दृक्श्राव्य व्याख्यान चढवून ठेवणे म्हणजे ऑनलाइन डिझाइन-शिक्षण, ही समजूत म्हणूनच अपुरी आहे.

खरा अडसर मूल्यमापनाचा आहे. गुण अंतिम रेखाटनाला मिळतात, त्याआधीच्या प्रश्नांना नाहीत. साहजिकच विद्यार्थी प्रश्न टाळून थेट रेखाटनाकडे वळतो. निदान एकतृतीयांश गुण प्रश्नांच्या नोंदवहीस दिले, तर वाणिज्य शाखेचा विद्यार्थीही या वर्गात परका राहणार नाही. जुन्या भांड्याची मोड देऊन नवे घेण्याची रीत त्याला ठाऊक असते. प्लास्टिकच्या मगाला तशी मोड का येत नाही आणि तरीही त्याने न्हाणीघरातून तांब्याला का हटविले, याचा हिशेब तोच अधिक नेमका मांडू शकेल.