नोंदवहीत कोण, बाहेर कोण?

प्रबंधाच्या आराखड्यात ‘मानसिक आरोग्य कर्मचारी’ असं लिहिलंय ना? जरा थांबा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषद करते. तिचा १९९२चा कायदा पुनर्वसनाचं काम करणाऱ्यांसाठी आहे. नैराश्याचा रुग्ण त्या चौकटीत कसाबसाच बसतो. परिषद अभ्यासक्रमाला मान्यता देते, तो पूर्ण केला की नाव नोंदवहीत चढतं. पुढे रुग्णाला बरं वाटतंय का, हे नोंदवही सांगत नाही. आणि मानसशास्त्रात एम.ए. करून शाळेत बसणारा समुपदेशक? तो बहुधा तिथे नसतोच. २०२१च्या कायद्याने बाकीचे मानसशास्त्रज्ञ आणि काही समुपदेशक वेगळ्या आयोगाकडे दिले. म्हणजे एकाच दवाखान्यात शेजारशेजारच्या दोन खोल्या, नियामक दोन! नुसत्या परिषदेच्या यादीतून नमुना निवडलात, तर दुसरी खोली तुमच्या निष्कर्षांतून गायब. (माझ्या पहिल्या आराखड्यात नेमकं हेच झालं होतं.)