तीन शब्दांचं कुलूप

पासवर्ड कसा निवडावा, यावर ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राचा सल्ला अगदी छोटा आहे: एकमेकांशी संबंध नसलेले कुठलेही तीन शब्द घ्या आणि जोडा. हे केंद्र २०१६ मध्ये सुरू झालं आणि तेव्हापासून हा सल्ला त्यानं लावून धरला आहे. सरकारी पत्रकांत इतकी सुटसुटीत वाक्यं क्वचितच वाचायला मिळतात. पण आपल्या मराठी घरांपर्यंत येईतो त्यातला सर्वांत महत्त्वाचा शब्द वाटेत गळून पडतो. म्हणून या सल्ल्याकडे जरा बारकाईनं पाहायला हवं.

आधी त्याचं श्रेय त्याला देऊ. त्यापूर्वी राज्य होतं ते वेगळ्याच नियमांचं: एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह, आणि दर काही महिन्यांनी पासवर्ड बदला. अमेरिकेच्या मानक संस्थेसाठी बिल बर यांनी २००३ मध्ये लिहिलेल्या मार्गदर्शिकेतून हे नियम जगभर पसरले. पुढे २०१७ मध्ये त्यांनीच त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. कारण माणसं नियम पाळतात, पण आपल्या सोयीनं. 'पुणे'च्या पुढे एक चिन्ह आणि १२३ लावलं की नियम खूश. तीन महिन्यांनी १२३ चं १२४ होतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या अ‍ॅन अ‍ॅडम्स आणि अँजेला सॅस यांनी १९९९ मध्येच लिहिलं होतं की वापरणारा माणूस हा शत्रू नव्हे. न झेपणारे नियम लादले की तो पळवाटा काढणारच. तीन शब्दांचा सल्ला याच विचारातून आला आहे. लांब, लक्षात राहणारा आणि टाइप करायला सोपा पासवर्ड त्यातून मिळतो. माणसाच्या स्मरणशक्तीची दखल घेणारा सल्ला म्हणून मी त्याला चांगले गुण देईन.

आता दोष. त्या वाक्यातला कळीचा शब्द 'तीन' हा नाही, 'कुठलेही' हा आहे. आणि माणसाला 'कुठलेही' शब्द निवडता येत नाहीत. मराठी माणसाला तीन शब्द जोडायला सांगा, 'गणपतीबाप्पामोरया' तयार. शब्द तीनच आहेत, लांबीही भरपूर आहे, आणि तरी हे कुलूप उघडंच आहे. याच केंद्रानं २०१९ मध्ये फुटलेल्या पासवर्डांची एक यादी प्रसिद्ध केली. त्यात १२३४५६ हा पासवर्ड २ कोटी ३२ लाख वेळा सापडला होता, आणि त्याखाली माणसांची नावं आणि लिव्हरपूलसारखे फुटबॉल क्लब होते. त्यांचं लिव्हरपूल, आपला गणपती. 'हॅकरला मराठी कुठे येतं?' या भरवशावर राहू नये. त्याला मराठी येण्याची गरजच नसते. त्याचा प्रोग्राम फुटलेल्या याद्या एकामागून एक लावून पाहतो, आणि त्या याद्यांत भारतातल्या लोकांचे पासवर्डही असतात.

खरोखर कुठलेही शब्द हवे असतील तर निवड स्वतःकडून काढून घ्यावी लागते. आर्नल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये यासाठी फाशांची पद्धत सुचवली: पाच फासे टाका, येणाऱ्या पाच आकडी क्रमांकासमोरचा शब्द यादीतून घ्या. यादीत ७,७७६ शब्द असतात. अशा तीन शब्दांच्या जोड्या होतात सुमारे ४७ हजार कोटी. आपल्याकडे याहून मोठी यादी आहे: मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती, सुमारे ६० हजार शब्दांची. फाशांनी पान ठरवा, फाशांनीच ओळ ठरवा, आणि जो शब्द येईल तो घ्या. आवडला नाही म्हणून दुसरा शोधू नका. मात्र तो रोमन लिपीत लिहिताना एकच स्पेलिंग ठरवून ठेवा, नाहीतर 'आ'साठी एक ए की दोन, यात पुढच्या महिन्यात आपणच अडकू.

४७ हजार कोटी हा आकडा पुरेसा आहे का? इथे सल्ला दुसऱ्यांदा कमी पडतो, कारण कुलूप कुठल्या दाराला लावायचं आहे हे तो सांगत नाही. संकेतस्थळ काही चुकीच्या प्रयत्नांनंतर थांबवतं. तिथे तीन शब्द उत्तम. पण पासवर्डांची अख्खी पेटीच चोरीला गेली, तर चोर ती आपल्या घरी नेऊन निवांत फोडतो आणि त्याला अडवणारं कोणी नसतं. लास्टपास या कंपनीकडून २०२२ मध्ये ग्राहकांच्या अशा कुलूपबंद पेट्या चोरीला गेल्या. त्यानंतर प्रत्येकाची सुरक्षा बव्हंशी त्याच्या मुख्य पासवर्डाच्या ताकदीवर उरली. अशा पेटीला फाशांनी काढलेले सहा शब्द हवेत.

आणि पेटी तर हवीच. प्रत्येक खात्यासाठी वेगळे तीन शब्द लक्षात ठेवणं कोणालाच जमणार नाही. पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवा असं केंद्र सांगतं. काही नसण्यापेक्षा ते खूपच बरं. पण इथे मुक्त सॉफ्टवेअरचा विचार जरूर करावा. कीपास-एक्ससी हा प्रोग्राम पासवर्डांची फाइल आपल्याच संगणकावर ठेवतो. फोन आणि संगणक दोन्हीकडे आपोआप जुळवून हवं असेल तर बिटवॉर्डन आहे, आणि त्याची साधी आवृत्ती फुकट आहे. फुकटपणापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते असं की त्यांचा कोड कोणालाही तपासता येतो, आणि उद्या वाटलं तर आपला ऐवज घेऊन दुसरीकडे जाता येतं. तरी मुक्त आहे म्हणजे आपोआप सुरक्षित आहे, असं मात्र नाही. कीपास-एक्ससीची फाइल हरवली किंवा मुख्य पासवर्ड विसरला, तर फोन करायला कोणीही नसतं. म्हणून फाइलची प्रत दोन ठिकाणी ठेवा, आणि ते सहा शब्द कागदावर लिहून कपाटात ठेवा. पासवर्ड कागदावर लिहिणं पाप नव्हे. दूर देशात बसलेल्या चोराला आपलं कपाट दिसत नाही.

तिसरी त्रुटी आपल्याला जास्त लागू पडते. या सल्ल्याच्या डोळ्यांसमोर आहे तो एका देशात राहणारा, एक फोन वापरणारा, एकटा माणूस. आपलं घर तसं नसतं. इथली बँक, तिकडची बँक, केवळ ओटीपीसाठी जिवंत ठेवलेलं भारतातलं सिम, आणि आईबाबांची खाती आपल्या किंवा भावाच्या हातात. तिकडच्या काही बँका अजून दर काही महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावतात. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शिकेनं ही सक्ती २०१५ मध्येच निरुपयोगी ठरवली होती. वापरात नसलेला क्रमांक काही काळानं बंद होऊन दुसऱ्याला मिळू शकतो, आणि त्याच्याबरोबर आपले ओटीपीही. म्हणून जिथे पर्याय असेल तिथे दुसरी पायरी सिमवर न ठेवता एखाद्या अ‍ॅपवर ठेवावी. अँड्रॉइडसाठी एजिस हे मुक्त अ‍ॅप आहे. आईबाबांच्या पासवर्डांची पेटी कोणाकडे असेल, ती अडीअडचणीला कोण उघडेल, हे घरात बसून ठरवावं लागतं. कुठलंही सरकारी पत्रक ते ठरवून देणार नाही.

या देशानं आणखी एक चांगली गोष्ट केली आहे. २९ एप्रिल २०२४ पासून, घरगुती 'स्मार्ट' उपकरणांना सरसकट एकच पासवर्ड देऊन ती विकायला इथे कायद्यानं मनाई आहे. हा बदल सल्ल्यापेक्षा मोठा आहे, कारण तो ग्राहकाकडे हुशारी मागत नाही.

सल्ला मात्र आपल्याकडे काहीतरी मागणारच. तो आपल्या घरांसाठी नव्यानं लिहायचा, तर मी असा लिहीन: आधी ई-मेलला वेगळा पासवर्ड द्या, कारण इतर सगळ्या खात्यांचे 'पासवर्ड विसरलात का?' तिथेच येतात. त्याला दुसरी पायरी लावा. मग पासवर्डांची पेटी घ्या, तिला सहा शब्दांचं कुलूप घाला. शब्द तुम्ही निवडू नका, फाशांना निवडू द्या. आणि रविवारी आईबाबांशी बोलताना, 'कशावरही क्लिक करू नका' असं बजावण्याऐवजी, त्यांच्या ई-मेलचं कुलूप दोघांनी मिळून बदला.