'सत्या'मधला संगीतकार

जानेवारी २०२५मध्ये 'सत्या' पुन्हा थिएटरात लागला, तेव्हा ऑफिस सुटल्यावर अंधेरीतच पाहिला. हॉस्टेलच्या लॅपटॉपवर तो सहा-सातदा तरी झाला असेल. भिकू म्हात्रे समुद्रासमोर उभा राहून ओरडतो तिथे शिट्ट्या पडल्या, मीही मारली. पण या वेळी अडकलो वेगळ्याच जागी.

सत्याच्या शेजारची विद्या गायिका व्हायला धडपडतेय. घरी वडील अंथरुणाला खिळलेले. सत्या तिच्या प्रेमात पडतो आणि टोळीच्या जोरावर एका संगीतकाराला धमकावून तिला काम मिळवून देतो. तिला वाटतं, नशीब उघडलं. सिनेमा आपल्याला तिच्या आनंदात ओढून घेतो. तो संगीतकार त्या रात्री जेवला का, पुढे किती दिवस फोन वाजला की दचकला, हे कुणी विचारत नाही. मीही नव्हतं विचारलं. मला तो भाग चक्क 'क्यूट' वाटायचा!

आता तारखा बघा. १२ ऑगस्ट १९९७ला अंधेरी पश्चिमेला एका मंदिराबाहेर कॅसेटच्या धंद्यातले बडे नाव गुलशन कुमार यांना गोळ्या घातल्या गेल्या. 'सत्या' आला ३ जुलै १९९८ला, म्हणजे वर्षही उलटलं नव्हतं. त्या हत्येची बातमी ऐकूनच या सिनेमाचा विचार सुरू झाला, असं राम गोपाल वर्मांनी नंतर सांगितलंय. सिनेमात एका निर्मात्याचा खूनही आहे. म्हणजे भीती कुठून येते हे लेखक-दिग्दर्शकांना पक्कं ठाऊक होतं. तरी संगीतकाराची भीती त्यांनी लव्हस्टोरीच्या कामाला लावली. माझी तक्रार एवढीच आहे, पण ती छोटी नाही.

कारण अंडरवर्ल्डचा सिनेमातला हात म्हणजे फक्त गोळीबार नव्हता. १९९८पर्यंत सिनेमाला उद्योगाचा दर्जाच नव्हता. बँका दारात उभं करत नसत, मग पैसा कुठून आला हे विचारायची सोय कुणाला? जानेवारी २०००मध्ये 'कहो ना प्यार है' लागल्यावर आठवड्याभरात राकेश रोशनवर सांताक्रूझला गोळीबार झाला. २००१च्या सुरुवातीला 'चोरी चोरी चुपके चुपके'च्या प्रकरणात भरत शाह यांना अटक झाली. साक्षीदार एकामागून एक फिरले. प्रीती झिंटा फिरली नाही. २००३मध्ये शाह मोक्काच्या आरोपातून सुटले आणि पोलिसांना माहिती न दिल्याबद्दल दोषी ठरले. शाह यांच्याबाबत कोर्टात सिद्ध झालं ते एवढंच. उरलेलं सगळं कुजबुजीत राहिलं, आणि कुजबुज सगळ्यांनाच चिकटते. कुठल्या हिरोइनला रोल कुणी मिळवून दिला, अमक्याचा सिनेमा कुणाच्या पैशांवर. विद्याचंच घ्या ना. ती गाते चांगली. पण ते गाणं तिला आवाजामुळे मिळालं असतं का, हे आता तिलाही कळायचं नाही.

आपल्या पिढीला जपान म्हणजे अ‍ॅनिमे, पण तिथला एक माणूस इथे आठवतोच. जुझो इतामी. त्याने 'मिन्बो' या सिनेमात याकुझांना रुबाबदार न दाखवता हॉटेलवाल्यांना छळून पैसे उकळणारे टपोरी म्हणून दाखवलं, त्यांची टर उडवली. मे १९९२मध्ये, सिनेमा लागल्यावर काही दिवसांतच, याकुझांनी त्याच्यावर सुऱ्यांनी हल्ला केला. चेहरा कापला. गुंडांना काय झोंबतं ते यातून कळतं. मरणारा भिकू त्यांना झोंबत नसावा. त्याच्यावर तर आपण सगळेच फिदा आहोत.

मनोज वाजपेयीचं काम आजही जबरदस्त आहे, त्याबद्दल वाद नाही. सौरभ शुक्लाचा कल्लूमामा तर मला भिकूहून जास्त आवडतो. पण ज्यात कॅमेरा टोळीबरोबर परत न जाता त्या संगीतकाराबरोबर त्याच्या घरी जातो, असा हिंदी किंवा मराठी सिनेमा माझ्या तरी पाहण्यात नाही.