जोडावे की तोडावे? : सामासिक शब्दांच्या लेखनाचा प्रश्न

'कविसंमेलन' हा शब्द जोडून लिहिला, की त्यातील 'वि' ऱ्हस्व. 'कवी संमेलन' असा तोडून लिहिला, की 'वी' दीर्घ. म्हणजे दोन पदांमध्ये सोडलेली जागा ही केवळ मुद्रकाच्या सोयीची बाब नसून शुद्धाशुद्धतेचा निर्णय तिच्यावर अवलंबून राहतो. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ सालचे १४ नियम व १९७२ साली त्यांत पडलेली ४ नियमांची भर यांमुळे समासातील तत्सम पूर्वपदाचे ऱ्हस्वदीर्घत्व निश्चित झाले. परंतु समास केव्हा मानावा, हे लिहिणाराच्या मर्जीवर राहिले. परिणामी 'विद्यार्थिसंघटना' हे रूप ज्याला आठवत नाही, तो 'विद्यार्थी संघटना' असे लिहून नियमातून सहज निसटतो.

ही पळवाट व्याकरणाला मान्य होण्यासारखी नाही. मराठीत दोन नामांचा असा संबंध विभक्तीने दाखविला जातो, नाहीतर समासाने. प्रत्यय गळला आणि संबंध मात्र उरला, की समास झालाच. मधल्या मोकळ्या जागेने तो मोडत नाही. याची कसोटी सामान्यरूपात सापडते. 'काळा घोडा' याचे 'काळ्या घोड्याला' होते. दोन्ही पदे विकार पावतात, म्हणून शब्द दोन. 'घोडागाडी'चे 'घोडागाडीला' होते, 'घोड्यागाडीला' होत नाही. म्हणून शब्द एक. 'लाल', 'सुंदर' अशा अविकारी विशेषणांपुढे ही कसोटी थांबते हे खरे. पण वाद मुख्यतः नामपूर्वपद समासांचाच आहे, आणि तेथे ती पुरेशी आहे.

मोडीत व जुन्या पोथ्यांत शब्द तोडून लिहिण्याची रीत नव्हती. तेव्हा या अंतराला एवढे महत्त्व का द्यावे, असा आक्षेप संभवतो. परंतु आज कोशातील नोंद, सूची आणि संगणकावरील शोध ही सर्व याच अंतरावर चालतात. 'पशुवैद्य' शोधणाराला 'पशू वैद्य' सापडतोच असे नाही.

लांबलचक समास डोळ्यांना जड वाटतो, ही तक्रार मात्र रास्त आहे. तिचा उपाय समास तोडणे हा नसून 'च्या' प्रत्ययाने तो सोडविणे हा आहे. संयोगचिन्ह जेथे अर्थ राखते तेथेच योजावे: 'मराठी-इंग्रजी शब्दकोश' यात ते काढल्यास कोश मराठीतून इंग्रजीत नेणारा, की इंग्रजी शब्दांचा मराठी कोश, हे कळणार नाही. 'साहित्य संमेलन', 'साहित्य परिषद' ही संस्थानामे रूढीने तोडून लिहिली जातात. त्यांत स्वराची हानी नसल्याने ती तशीच राहावीत. स्वर बदलतो तेथे मात्र रूढीची सबब पुरेशी नाही. ऱ्हस्वदीर्घाचा नियम पाळावयाचा असेल, तर जोडण्याचा नियम आधी ठरविला पाहिजे.