तुरुंगाचं चित्र कुणाच्या डोळ्यांनी?

मंडळी, आजचा विषय तुरुंगांच्या चित्रांचा आहे. जुने तुरुंग आता दिवाणखान्याच्या भिंतीवर येऊ लागले आहेत. जाड कागद, खाली सही, कोपऱ्यात प्रतीचा क्रमांक. ज्याला आपण आर्ट प्रिंट म्हणतो ते. आणि मराठी घरात असं चित्र असलं की ते बहुतेक वेळा पोर्ट ब्लेअरच्या सेल्युलर जेलचं असतं. कारण सांगायला नको. सावरकरांमुळे अंदमानला जाणारा मराठी माणूस यात्रेला निघाल्यासारखाच जातो.

ते चित्र तुम्ही पाहिलेलं आहे. लांबच लांब व्हरांडा, एका बाजूला गजांची दारं, दुसऱ्या बाजूला कमानी, फरशीवर ऊन-सावलीचे पट्टे, आणि सगळ्या रेषा दूर एका बिंदूत मिळालेल्या. माणूस एकही नाही. चित्र सुंदर आहे, यात वाद नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. हे पाहणारा डोळा कुठे उभा आहे?

इमारतीची रचना आठवा. 1896 ला काम सुरू झालं, 1906 ला संपलं. मधे मनोरा आणि त्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या तीन मजली सात इमारती. आज त्यांतल्या तीनच उभ्या आहेत. एका इमारतीचा दर्शनी भाग दुसरीच्या पाठीकडे केलेला. म्हणजे कोठडीतल्या माणसाला गजांतून काय दिसायचं? समोरच्या इमारतीची पाठ. समोरचा कैदी दिसायचा नाही, शेजारचाही नाही. बाबाराव आणि तात्याराव हे सख्खे भाऊ एकाच तुरुंगात होते आणि बराच काळ त्यांची भेट झाली नाही. ही केवळ जेलरची दुष्टाई नव्हे, ती नकाशातच काढून ठेवलेली होती.

आता व्हरांड्याच्या चित्राकडे परत या. व्हरांडा असा टोकापासून टोकापर्यंत एका नजरेत कुणाला दिसत होता? पहारेकऱ्याला. कैद्याला तो तसा गजाआडून कधीच दिसला नसेल. ज्या रेषांचं आपण कौतुक करतो त्या नजर ठेवण्यासाठी ओढलेल्या रेषा आहेत. बेंथॅमने अठराव्या शतकाच्या शेवटी मधल्या मनोऱ्यातून सर्वांवर नजर ठेवणाऱ्या तुरुंगाची कल्पना मांडली, फूकोने 1975 मध्ये तिच्यावर पुस्तकच लिहिलं. त्या चर्चेत आज शिरत नाही. एवढंच म्हणतो की हुतात्म्यांचं स्मरण म्हणून आपण जे भिंतीवर लावतो, ते पहारेकऱ्याच्या जागेवरून पाहिलेलं असतं.

तुरुंगाचं प्रत्येक चित्र असंच होतं का? नाही. पिरानेसीची कोरीव चित्रं घ्या. रोममध्ये 1750 च्या सुमारास त्याने काल्पनिक तुरुंगांचे चौदा एचिंग छापले. 1761 मध्ये तेच तांब्याचे पत्रे पुन्हा कोरून अधिक काळे केले आणि दोन नवे घातले. तिथे जिने कुठेच पोचत नाहीत, दोर लटकतात, कमानीमागे कमान. पाहणारा खाली, तळाशी, हरवलेला. असा तुरुंग जगात नव्हता. तरीही आत अडकल्याची भावना या चित्रांत आहे, आणि खऱ्या तुरुंगाच्या त्या नीटनेटक्या प्रिंटमध्ये नाही.

आणि शहरातला खरा तुरुंग हवा असेल तर गुस्ताव दोरे. लंडनवरच्या त्याच्या 1872 च्या पुस्तकात न्यूगेट तुरुंगाचं अंगण आहे. चित्र त्याचं, लाकडावर कोरणारा हात दुसऱ्याचा. उंच भिंतींच्या विहिरीसारख्या जागेत कैदी गोल गोल फिरताहेत, आणि बाजूला उंच टोप्यांचे गृहस्थ ते बघत उभे आहेत. त्या गृहस्थांपाशी थांबा. दोरेने प्रेक्षकालाच चित्रात आणून ठेवलं आहे, आता तुम्हाला निर्धास्त पाहता येत नाही. 1890 च्या फेब्रुवारीत सॅं-रेमीच्या मनोरुग्णालयात असलेल्या व्हॅन गॉगने याच छापील चित्रावरून तैलचित्र केलं. त्यात पुढचा एक कैदी बोडक्या डोक्याने आपल्याकडे पाहतो. न्यूगेट 1902 पासून पाडायला घेतलं. कागद राहिला.

कुणी म्हणेल, सर, सुंदर चित्रामुळे निदान आठवण तरी राहते. खरं आहे. पण कशाची आठवण? सावरकरांनी कोठडीच्या भिंतीवर काट्याने, खिळ्याने कविता ओरखडल्या आणि त्यावर चुना फिरत गेला. एचिंग करणारासुद्धा टोकदार सुईने ओरखडाच काढतो, त्यात शाई भरतो, म्हणून तो कागदावर उतरतो. चकचकीत रिकाम्या व्हरांड्याचं चित्र आम्हाला त्या चुन्याच्या जातीचं वाटतं. शब्द कठोर आहे, पण मागे घेत नाही.

शिवाय रिकामा तुरुंग ही संग्रहालयाची अवस्था. ठाण्याचा तुरुंग आजही तुरुंगच आहे. आपल्या देशातल्या कैद्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे. त्या भिंतींचं बिनमाणसांचं चित्र विकणं म्हणजे चालू घराला वाडा म्हणून दाखवणं.

आम्ही वीरचे, तेव्हा थोडं घरचं. आमच्या महाड-पोलादपूरच्या डोंगरांत मंगळगड आहे, कांगोरी म्हणतात तो. 1812 मध्ये त्रिंबकजी डेंगळ्यांनी साताऱ्याच्या छत्रपतींचे बंधू चतुरसिंग यांना दग्याने पकडून तिथे ठेवलं. 1818 मध्ये ते तिथेच वारले. त्या सहा वर्षांचं चित्र नाही, ओरखडासुद्धा नाही. आणि मधल्या काळात त्रिंबकजी स्वतः ठाण्याच्या किल्ल्यात इंग्रजांचे कैदी झाले, आणि 1816 च्या सप्टेंबरात पळालेसुद्धा! बिशप हेबर कहाणी देतो की खिडकीखालून घोडा घेऊन जाणारा एक मराठा मोतद्दार गाणं म्हणायचा आणि गाण्यातच बेत सांगायचा. पहारा गोऱ्यांचा, त्यांना मराठी कळेना. डोळे त्यांचे होते, कान मात्र आतल्या माणसाचे.

ठाण्याचं असं प्रिंट कुणी केलं तर आम्ही ते जरूर घेऊ. कोठडीच्या आतून दिसणारी उंच खिडकी, आणि तिच्यातून घोड्याची पाठसुद्धा दिसत नाही.