कूपरची स्तोत्रे आणि त्याची निराशा

विल्यम कूपर (१७३१–१८००) या इंग्रज कवीच्या उन्मादास त्याची ख्रिस्तनिष्ठाच कारणीभूत झाली, हे मत कालक्रमापुढे टिकत नाही. १७६३ मधील आघात निष्ठेच्या उदयापूर्वीचा. ती त्यास सेंट ऑल्बन्स येथे डॉ. कॉटन यांच्या उपचारगृहात लाभली. मात्र निष्ठेने व्याधी हरली, असेही नव्हे. १७७३ मध्ये, ईश्वराने आपणास कायमचे टाकले, या भ्रमाने त्याची प्रार्थना खुंटली. ‘ओल्नी हिम्स’ (१७७९) मधील त्याच्या कित्येक स्तोत्रांत ईश्वराची आळवणी आहे. ‘द कास्टअवे’ (१७९९) या बुडत्या खलाशावरील कवितेत ईश्वरास उद्देशून एक शब्दही नाही. तथापि हे मौन नास्तिकाचे नव्हे. ज्यास ईश्वर नाहीच, त्यास त्याने टाकल्याचे दुःख कोठून होणार?